तिसऱ्या दिवशी उठणारा ठणका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दाढ काढून आलेला माणूस पहिले दोन दिवस बहुतेक बरा असतो. गाल थोडा फुगलेला, तोंड जरा आखडलेले, बाकी ठीक. तिसऱ्या दिवशी दुपारनंतर ठणका सुरू होतो. रात्री कानात आणि कानशिलात सणका जातात, तोंडाला वास येतो, आणि घरात निदान होऊन जाते: आत पू झाला, डॉक्टरने दात नीट काढला नाही. मग कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून ॲमॉक्सिसिलिनच्या चार गोळ्या, दुखण्याची एक गोळी आणि खड्ड्यात लवंग, नाहीतर चिमूटभर मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. सोलापुरात हा क्रम इतका ठरलेला आहे की त्यातले काय बरोबर आणि काय चूक हे एकदा सविस्तर लिहावे असे आम्हा काही दंतवैद्यांना वाटले. आपल्या पत्रात जागा द्यावी ही विनंती.

या दुखण्याला ड्राय सॉकेट म्हणतात. क्रॉफर्ड यांनी 1896 मध्ये हे नाव वापरले आणि तेच रूढ झाले. मराठीत 'कोरडा खड्डा' म्हणायला हरकत नाही, कारण होते अगदी तेच. दात निघाल्यावर उरलेल्या खड्ड्यात रक्त साचून गोठते. ही गुठळी म्हणजे त्या जागेची खपली. ती हाडावर पांघरुणासारखी बसते आणि तिच्याच आधाराने खालून नवे मांस भरत येते. ती फायब्रिन नावाच्या धाग्यांनी विणलेली असते. विणकरांच्या गावात वेगळे सांगायला नको की धागे कुजले तर कापड टिकत नाही. हिरडीला व हाडाला फार इजा झाली, आधीचा जंतुसंसर्ग असला किंवा तंबाखू तोंडात असली, तर धागे विरघळवणारे प्लाझमिन हे द्रव्य जास्त तयार होते आणि गुठळी दोन-तीन दिवसांत विरून जाते. खाली उघडे हाड राहते. त्यावर हवा, लाळ, अन्न, पाणी जे लागेल ते झोंबते.

ठणका तिसऱ्या दिवशी का उठतो याचे उत्तर यातच आहे. गुठळी विरायला तेवढा वेळ लागतो. नेहमीची जखम पहिल्या दिवशी सर्वात जास्त दुखते आणि मग रोज उतरत जाते. कोरड्या खड्ड्याचे दुखणे आधी उतरते आणि मग चढते. हा उलटा चढ लक्षात ठेवला तर अर्धे निदान घरीच होते. यात ताप सहसा नसतो, पू नसतो, गालावर नवी सूज नसते. आरशात पाहिले तर लालभडक जेलीऐवजी रिकामा, राखाडी खड्डा दिसतो, त्यात बहुधा अन्नाचे कण अडकलेले असतात.

मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खड्ड्यावर पांढरट-पिवळसर साय दिसली आणि दुखणे कमी होत असेल, तर तो पू नव्हे. ते भरून येण्याचेच लक्षण आहे. मोबाइलचा टॉर्च लावून, काडीने नाहीतर बोटाने ती साय 'साफ' करणारे लोक कमी नाहीत. चांगला भरत असलेला खड्डा असा हातानेच कोरडा केला जातो.

साधे दात काढल्यावर 100 पैकी 1 ते 5 जणांना हे होते. खालची अडकलेली अक्कलदाढ हाड कापून काढावी लागली तर प्रमाण 30 पर्यंत जाऊ शकते. वरच्या दाढांना क्वचितच होते. खालच्या जबड्याचे हाड घट्ट, त्याला रक्तपुरवठा कमी, शिवाय लाळ आणि अन्न साचते तेही खालीच. म्हणजे उत्तम काढलेल्या दातालाही हे होऊ शकते, डॉक्टरची चूक असलीच पाहिजे असे नाही. तरी दात काढताना फार वेळ ओढाताण झाली, हाड तापले किंवा चेपले गेले, तर धोका वाढतो हे आम्ही मान्य करतो. त्यासाठीच अवघड दाढ मुळे वेगळी करून, गार सलाईनची धार सोडत काढावी लागते, आणि त्याला वेळ लागतो. 'किती वेळ लावला' अशी तक्रार करण्याआधी हे लक्षात घ्यावे.

आता तंबाखू. इथे थोडे जास्त लिहावे लागेल, कारण आपल्याकडे कोरड्या खड्ड्याचे टाळता येण्यासारखे सर्वात मोठे कारण हेच आहे. विडी-सिगारेटचे झुरके घेताना तोंडात ओढ तयार होते, धुराची उष्णता लागते, आणि निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. मावा आणि चुना-तंबाखू गालात धरली तर ती सरळ जखमेशेजारी बसते. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे, पण तंबाखू तोंडात येण्याच्या वाटा त्याने काही थांबल्या नाहीत. आणि मिश्री. 'तंबाखू खाता का?' या प्रश्नाला मिश्री लावणारी बाई मनापासून 'नाही' म्हणते, कारण तिच्या लेखी ते दात घासणे आहे. म्हणून 'मिश्री लावता का? तपकीर ओढता का?' असे वेगळे विचारलेच पाहिजे. दात काढल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने बोट मिश्रीच्या डबीत जाते, तिथून हिरडीवर फिरते, आणि गुठळी त्या बोटाबरोबर निघून येते. मिश्रीने ठणका थांबल्यासारखा वाटतो तो बधिरपणा थोड्या वेळाचा, खालचे हाड मात्र उघडे पडते. दात काढल्यावर किमान तीन दिवस, आणि जमल्यास दोन आठवडे, विडी, मावा, मिश्री, तपकीर सगळे बंद. यंत्रमागावर रात्रपाळीत झोप उडवायला मावा लागतो, हे आम्हाला ठाऊक आहे. अशा कामगारांनी निदान दात रात्रपाळीच्या आठवड्यात काढू नये, एवढे तरी पाळावे.

गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्ये इस्ट्रोजेनमुळे गुठळी लवकर विरते. दाढ काढणे घाईचे नसेल तर पाकिटातला गोळी न घेण्याचा आठवडा त्यासाठी निवडावा, आणि गोळ्या चालू आहेत हे डॉक्टरांना न लाजता सांगावे. आधी अक्कलदाढेभोवती हिरडी सुजून पू झाला असेल तर तो आटोक्यात आणूनच दाढ काढणे बरे.

पहिल्या 24 तासांत काय करायचे यावर बरेच काही अवलंबून असते. दात निघाला की गॉजची घडी थेट खड्ड्यावर ठेवून 30 ते 45 मिनिटे घट्ट चावून धरायची. मध्ये बोलायचे नाही, घडी चघळायची नाही, काढून पाहायचे नाही. घरी पुन्हा रक्त आले तर ओली करून पिळलेली स्वच्छ गॉजची नवी घडी आणखी अर्धा तास. गॉज नसेल तर ओली करून पिळलेली चहाची डिप-पुडी चालते, चहातल्या टॅनिनने रक्त थांबायला मदत होते. कापसाचा बोळा मात्र वापरू नये. त्याचे तंतू खड्ड्यात राहतात आणि काढायला गेले की गुठळी उपटून येते. सुताच्या गावात कापूस हाताशी असतो, म्हणून हे मुद्दाम लिहिले. लाळ दिवसभर गुलाबी येणे ठीक आहे, ती गिळून टाकावी. थुंकत राहिल्यानेच रक्त थांबत नाही. थोडे रक्त पोटात गेल्याने काही बिघडत नाही. तोंड भरून ताजे रक्त येत असेल किंवा काळपट जाड गोळे लोंबत असतील तर मात्र वाट न पाहता दाखवावे.

त्या दिवशी चूळ भरायची नाही. स्ट्रॉने काही ओढायचे नाही, मग ते शहाळे असो, थंड पेय असो की उन्हाळ्यातला उसाचा रस. पारा 42 च्या पुढे गेला की रसवंतीवर थांबल्यावाचून राहवत नाही हे खरे. प्यायचे तर पेल्याने, बर्फाशिवाय आणि घोट घोट. गालावर बाहेरून फडक्यात गुंडाळलेला बर्फ 10-15 मिनिटे ठेवावा, मग तेवढाच वेळ काढावा. भूल उतरेपर्यंत, म्हणजे दोन-तीन तास, गरम चहा नको. ओठ भाजतो किंवा चावला जातो आणि कळतही नाही. यंत्रमागाचा बीम (सुताचा जड रूळ) उचलणे, ओझी वाहणे, मान खाली घालून तासन्‌तास विड्या वळणे हे त्या दिवशी टाळावे, कारण डोक्याकडे रक्ताचा दाब वाढला की जखम पुन्हा वाहते. हजेरी बुडते हे आम्हाला कळते. म्हणूनच दात सुट्टीच्या आदल्या दिवशी काढावा.

खाण्याचे आपल्याकडे एक खास संकट आहे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी. भाकरीचे कोपरे जखमेला टोचतात आणि शेंगदाण्याचे बारीक कण खड्ड्यात जाऊन बसतात ते सहज निघत नाहीत. हिवाळ्यातला हुरडाही तसाच. पाच-सहा दिवस दहीभात, मऊ खिचडी, ज्वारीची आंबील, दुधात कुस्करून भिजवलेली मऊ भाकरी, उप्पीट असे कोमट खावे आणि दुसऱ्या बाजूने चावावे. तिखट आणि मसाला थोडे दिवस बाजूला.

24 तास झाले की मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. पेलाभर, म्हणजे साधारण 200 मिली कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून चार-पाच वेळा आणि प्रत्येक खाण्यानंतर. नळ काही दिवसांआड येतो, घरोघरी पाणी पिंपात साठवलेले असते. ते उकळून मगच कोमट करावे. पाणी तोंडात घेऊन डोके त्या बाजूला कलते करावे, अर्धा मिनिट ठेवावे आणि तोंड उघडून पडू द्यावे. खळखळून चूळ भरायची नाही, जोराने थुंकायचे नाही. क्लोरहेक्सिडीनचे 0.2 टक्क्यांचे माउथवॉश दात काढण्याआधी एक मिनिट आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ 10 मिली वापरले तर कोरडा खड्डा होण्याचे प्रमाण घटते. ब्रश केल्यावर लगेच घेऊ नये, अर्धा तास जाऊ द्यावा. आठवड्यापेक्षा जास्त वापरले तर दात तपकिरी दिसू लागतात आणि चव बदलते, ती नंतर परत येते. बाकीचे दात ब्रशने रोज घासावेत. दात काढला म्हणून आठवडाभर तोंडच न धुणे हे जंतूंना आमंत्रण आहे.

एवढे करूनही तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठणका चढलाच, तर ज्यांनी दात काढला त्यांच्याकडे, नाहीतर सिव्हिलमध्ये किंवा जवळच्या कुठल्याही दंतवैद्याकडे त्याच दिवशी जावे. उपचार लांबलचक नाही. गरज वाटली तर एक्स-रे काढून मुळाचा तुकडा किंवा हाडाची कपची राहिली नाही ना हे पाहतात. मग कोमट सलाईनने, बोथट सुईच्या सिरिंजमधून, खड्डा हलक्या धारेने धुतात आणि अन्नकण काढतात. खरवडून नवे रक्त काढण्याची जुनी पद्धत आता सुचवत नाहीत, त्याने हाडाला आणखी इजा होते. क्लोरहेक्सिडीनची पिचकारीही उघड्या खड्ड्यात मारू नये, त्याने तीव्र ॲलर्जी उठल्याची उदाहरणे आहेत. मग युजेनॉल, म्हणजे लवंगेतलेच द्रव्य, असलेली औषधी पट्टी खड्ड्यात सैलसर ठेवतात. ठासून भरायची नसते. बहुतेकांना अर्ध्या तासात आराम पडतो. रात्री पुन्हा दुखले तरी घाबरू नये. पट्टी दर एक-दोन दिवसांनी बदलावी लागते, अशा दोन ते चार खेपा होतात. बरे वाटले म्हणून पुढची खेप चुकवणे हा इथला मोठा घोटाळा. विरघळणारी नसलेली पट्टी आत राहिली तर ती बाहेरच्या वस्तूसारखी सलते आणि जखम भरू देत नाही. काही केले नाही तरी हे दुखणे साधारण सात ते दहा दिवसांत आपोआप उतरते. प्रश्न ते दिवस कसे काढायचे याचा आहे.

घरी लवंगतेलाचे थेंब सरळ ओतू नयेत, हिरडी भाजते. ॲस्पिरिनची गोळी दाताजवळ ठेवल्यानेही गालाला पांढरा चट्टा पडून जळते. हळद, तुरटी, कापूर यांची पूड खड्ड्यात भरली की ती आम्हालाच कण कण काढत बसावी लागते.

दुखण्यासाठी सहसा आयबुप्रोफेन 400 मिग्रॅ आणि पॅरासिटामॉल 500 मिग्रॅ, जेवणानंतर आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने. काही गोळ्यांमध्ये ही दोन्ही औषधे आधीच एकत्र असतात. कॉम्बिफ्लॅम घेऊन वर डोलो घेणारा पॅरासिटामॉल दोनदा घेतो हे त्याच्या गावीही नसते. मूत्रपिंडाचा आजार, पोटात अल्सर, गरोदरपण, दुखण्याच्या गोळीने उठणारा दमा यांत आयबुप्रोफेन घेऊ नये. डेंग्यूच्या हंगामात दुखण्याबरोबर तापही असेल तर तर मुळीच नको. सोमवार, श्रावण किंवा रोजा असला तर तसे सांगावे, रिकाम्या पोटी ही गोळी जठराला सोलते.

अँटिबायोटिकबद्दल स्पष्ट लिहितो. कोरड्या खड्ड्यात त्याचा उपयोग नाही. तिथे जंतूंचा गळू नसून उघडे हाड आहे, ते धुऊन झाकायचे असते. ॲमॉक्सिसिलिन चिठ्ठीशिवाय विकता येत नाही हा कायदा आहे, पण त्याहून मोठा तोटा असा की चार गोळ्यांत रुग्ण दोन दिवस आशेवर काढतो आणि खड्डा तसाच राहतो. मेट्रोनिडाझोल घेऊन वर दारू घेतली तर उलट्यांनी हाल होऊ शकतात, हेही काउंटरवर सांगितले जात नाही. अँटिबायोटिक लागते ते ताप, वाढती सूज आणि पू असेल तेव्हा, आणि ते डॉक्टरांनी ठरवावे. हनुवटीखाली दोन्ही बाजूंना टणक सूज, गिळता न येणे, जीभ वर उचलली जाणे, श्वासाला त्रास, असे दिसले तर दवाखाना शोधत फिरू नये, थेट मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे. तिथे तासांवर खेळ असतो.

काही खड्डे ठणकत नाहीत, पण भरतही नाहीत. त्यांच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवे. हिरडी दोन-तीन आठवड्यांत, मोठ्या दाढेला चार आठवड्यांपर्यंत, जुळून येते. आतले हाड भरायला तीन ते सहा महिने लागतात. मधल्या काळात हाडाची टोकदार कपची हिरडीतून वर आली तर बहुधा ती सुटून येते, नखाने ओढू नये. मधुमेह आटोक्यात नसेल तर भरणे लांबते. अशांनी सकाळची वेळ घ्यावी, जेवून आणि नेहमीचे औषध घेऊन यावे, आणि अलीकडचा एचबीएवनसीचा, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीचा, कागद बरोबर आणावा. हृदयविकाराची रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. हाडे ठिसूळ झाल्याची किंवा कॅन्सर हाडात उतरल्याची औषधे, उदाहरणार्थ ॲलेन्ड्रोनेट, झोलेड्रॉनिक ॲसिड, डेनोसुमॅब, चालू असतील किंवा पूर्वी घेतली असतील, तर दात काढण्याआधी सांगायलाच हवे. अशांच्या जबड्याचे हाड दात काढल्यावर आठ-आठ आठवडे उघडे राहू शकते. डोक्या-मानेला रेडिएशन घेतलेल्यांचेही तसेच. वरची दाढ काढल्यावर प्यायलेले पाणी नाकातून येऊ लागले तर सायनसला वाट झाली आहे. नाक शिंकरायचे नाही आणि लगेच दाखवायचे. वरचा दात काढल्याने डोळा जातो ही समजूत मात्र निव्वळ भीती आहे.

आणि तंबाखूच्या आपल्या या भागात एक शक्यता कायम मनात ठेवावी लागते. हललेला दात काढला, तीन आठवडे झाले, खड्डा भरत नाही, उलट त्यातून मांसासारखे काही वर येते, सहज रक्त येते, ओठ बधिर वाटतो. दात कॅन्सरमुळेच हलला असण्याची ही खूण असू शकते. तिथे ड्रेसिंग बदलत बसणे म्हणजे दिवस घालवणे. तुकडा तपासायला पाठवला पाहिजे.

आमची मागणी दोन बाजूंना आहे. पहिली आमच्याच मंडळींना. दात काढून दिल्यावर तोंडी सूचना रुग्णाच्या कानावरून जातात, कारण त्याचे सगळे लक्ष बधिर गालाकडे आणि चावलेल्या गॉजकडे असते. सूचनांची छापील चिठ्ठी द्यावी, आणि सोलापुरात ती मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तिन्ही भाषांत असावी. मोठ्या अक्षरांत, इंग्रजी औषधनावांच्या गर्दीविना. चिठ्ठीबरोबर गॉजच्या चार जादा घड्या द्याव्यात. पहिल्या ओळीत 'मिश्रीसुद्धा तंबाखूच आहे' हे लिहावे. आणि अवघड दाढ काढलेल्या रुग्णाला तिसऱ्या दिवशी एक फोन करावा. दोन मिनिटांचे काम आहे.

दुसरी मागणी औषध विक्रेत्यांना. दातदुखीची गोळी मागायला आलेल्या माणसाला एवढेच विचारावे: 'दात काढलाय का? किती दिवस झाले?' तीन-चार दिवस म्हणाला तर गोळी देऊन ड्रेसिंगसाठी परत पाठवावे. तीन आठवडे म्हणाला तर गोळी न देता त्याच दिवशी पाठवावे.

आपले,
सोलापुरातील काही दंतवैद्य